टाटा नॅनो

टाटा नॅनो ही टाटा मोटर्स या भारतीय कंपनीने तयार केलेली चार दारांची छोटी मोटार आहे. १० जानेवारी २००८ रोजी नवी दिल्ली येथील ऑटो एक्स्पो या प्रदर्शनात ती प्रथम सादर झाली आणि २३ मार्च २००९ रोजी मुंबईत तिचे व्यापारी अनावरण झाले. मूळ नमुन्याची किंमत एक लाख रुपये ठेवण्याचे उद्दिष्ट जाहीर झाल्यामुळे ती 'लाखाची गाडी' या नावाने ओळखली गेली. तिच्या मागील भागात ६२४ सीसी क्षमतेचे दोन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन बसवलेले होते. भारतीय बाजारात तेव्हा मिळणाऱ्या बहुतेक छोट्या मोटारींमध्ये तीन वा चार सिलिंडरचे इंजिन पुढील बाजूस असे. त्यामुळे नॅनोची रचना या वर्गात वेगळी ठरली.

नॅनोचा विकास प्रामुख्याने पुण्यातील टाटा मोटर्सच्या अभियांत्रिकी संशोधन केंद्रात झाला. तिचे उत्पादन सुरुवातीला उत्तराखंडातील पंतनगर येथे व जून २०१० पासून गुजरातमधील साणंद येथे झाले. वर्षाला अडीच लाख गाड्या तयार करता येतील एवढा साणंदचा कारखाना उभारला गेला; परंतु कोणत्याही एका आर्थिक वर्षात नॅनोची विक्री पाऊण लाखाच्या पुढे गेली नाही. २०१९ पासून तिचे नियमित उत्पादन थांबले.

पार्श्वभूमी

भारतात मोटार सामान्य मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आणण्याचे प्रयत्न स्वातंत्र्योत्तर काळापासून होत आले. महाराष्ट्रात इचलकरंजी येथील शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी व स्वस्त मोटार तयार केली होती. मात्र तिचे व्यापारी उत्पादन होऊ शकले नाही. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या मोटारीने छोट्या गाडीची बाजारपेठ खऱ्या अर्थाने निर्माण केली. ट्रक व बस यांसाठी प्रसिद्ध असलेल्या टाटा समूहाने १९९८ मध्ये इंडिका ही मोटार सादर करून छोट्या प्रवासी मोटारींच्या या क्षेत्रात प्रवेश केला. इंडिकाचे उत्पादन पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड येथे होत असे.

नॅनोची कल्पना टाटा समूहाचे तत्कालीन अध्यक्ष रतन टाटा यांची होती. वडील दुचाकी चालवत आहेत, पुढे एक मूल उभे आहे आणि मागे आई दुसऱ्या मुलाला घेऊन बसली आहे, असे दृश्य पावसात पाहिल्यावर अशा कुटुंबांसाठी अधिक सुरक्षित वाहन असावे असे वाटले, असे त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. आरंभी दुचाकीलाच चार चाके व छत देण्याचा विचार झाला. पुढे मात्र पूर्ण बंदिस्त मोटारच करावयाची असे ठरले. २००३ मध्ये एका वृत्तपत्राशी बोलताना एक लाख रुपयांचा आकडा पुढे आला व तोच प्रकल्पाचे उद्दिष्ट बनला. मोटार तयार करून मग तिची किंमत ठरवण्याऐवजी येथे किंमत आधी ठरली आणि मोटारीची रचना तिच्यानुसार करण्यात आली. हा क्रम नॅनोच्या जवळजवळ प्रत्येक भागात दिसून येतो.

ज्या ग्राहकासाठी ही मोटार योजली होती, तो केवळ महानगरांतील नव्हता. विदर्भातील यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण घेता येईल. सोळा तालुक्यांच्या या विस्तृत जिल्ह्यात नॅनो बाजारात आली तेव्हा यवतमाळ शहराला मूर्तिजापूरकडे जाणारी 'शकुंतला' ही अरुंदमापी रेल्वेच काय ती उपलब्ध होती. पुसद, उमरखेड, वणी, पांढरकवडा यांसारख्या गावांमधील दैनंदिन प्रवास एसटी, खाजगी जीप व दुचाकी यांवर अवलंबून होता. अशा भागांत दुचाकी हेच कुटुंबाचे वाहन असते. दुचाकीहून फार महाग नसलेली मोटार हा या वर्गासाठी नवा पर्याय ठरेल, अशी या प्रकल्पामागील अपेक्षा होती.

नाव

'नॅनो' हा उपसर्ग विज्ञानात एक अब्जांश भाग दर्शवतो व सामान्य व्यवहारात अत्यंत सूक्ष्म या अर्थाने वापरला जातो. गुजराती भाषेत 'नानो' या शब्दाचा अर्थ लहान असा होतो.

विकास

प्रकल्पाची जबाबदारी गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांच्या चमूकडे देण्यात आली. वाघ यांनी त्यापूर्वी टाटा एस या छोट्या मालवाहू वाहनाच्या प्रकल्पाचे नेतृत्व केले होते. २००५ मध्ये बाजारात आलेल्या आणि 'छोटा हत्ती' या नावाने परिचित झालेल्या त्या वाहनातही दोन सिलिंडरचेच, परंतु डिझेलवर चालणारे इंजिन होते. कमी किमतीच्या वाहनाला दोन सिलिंडर पुरतात, हा अनुभव त्यामुळे कंपनीच्या गाठीशी होता.

नॅनोच्या बाह्य रूपाच्या आखणीत इटलीतील तुरिन येथील 'आयडिया' या संस्थेचा सहभाग होता. सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांना सुरुवातीपासून प्रकल्पात सामील करून घेण्यात आले आणि प्रत्येक भागासाठी किमतीची मर्यादा ठरवून देण्यात आली. इंजिनाचे इंधन व ठिणगी यांचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बॉश कंपनीने कमी खर्चाच्या वाहनांच्या गरजेनुसार तयार केली. प्रकल्पाच्या काळात कंपनीने तीसहून अधिक पेटंटसाठी अर्ज केले.

इंजिनाचा आकार एकदम निश्चित झाला नाही. प्रथम ५४० सीसीच्या आसपासचे इंजिन तयार करण्यात आले. मात्र त्याची शक्ती अपुरी वाटल्याने क्षमता टप्प्याटप्प्याने वाढवत ६२४ सीसीपर्यंत नेण्यात आली. या वाढीबरोबर गाडीच्या इतर भागांतही बदल करावे लागले.

इंजिन

रचना

नॅनोचे इंजिन ॲल्युमिनियमचे, द्रवशीतित व चार धावांच्या चक्रावर चालणारे होते. दोन्ही सिलिंडर एका ओळीत होते. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ७३.५ मिलिमीटर आणि दट्ट्याच्या धावेची लांबी तेवढीच, म्हणजे ७३.५ मिलिमीटर होती. झडपा उघडण्या-मिटण्यासाठी वरच्या बाजूस एकच कॅमशाफ्ट होता. पेट्रोल कार्बुरेटरऐवजी इंजेक्टरद्वारे सोडले जात असे. आरंभीच्या नमुन्यात हे इंजिन मिनिटाला ५,२५० फेऱ्यांवर ३५ पीएस शक्ती आणि ३,००० फेऱ्यांवर ४८ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. २०११ च्या अखेरीस केलेल्या सुधारणांनंतर हे आकडे अनुक्रमे ३८ पीएस व ५१ न्यूटन-मीटर झाले. शक्ती मागील चाकांना चार गतींच्या हस्तचालित गिअरपेटीतून दिली जात असे. गाडीचा कमाल वेग ताशी १०५ किलोमीटर होता.

दोन सिलिंडर का?

इंजिनाची किंमत त्यातील भागांच्या संख्येवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. एक सिलिंडर कमी केला की त्याबरोबर एक दट्ट्या, एक जोडदांडा, झडपा, एक स्पार्क प्लग व एक इंजेक्टरही वाचतो; शिवाय घर्षण होणारे पृष्ठभाग कमी होतात आणि इंजिन आखूड व हलके बनते. सुमारे ६०० किलो वजनाची गाडी शहरात व लहान अंतरावर चालवण्यासाठी दोन सिलिंडर पुरेसे होते. हलके इंजिन, हलकी गाडी आणि त्यामुळे पुन्हा लहान इंजिन पुरणे, अशी ही एकमेकांना पूरक साखळी होती.

कंप आणि तोल

दोन सिलिंडरच्या इंजिनाचा मुख्य दोष म्हणजे कंप. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. त्यामुळे चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट मिळतात, तर दोन सिलिंडरच्या इंजिनात सरासरी एकच. साहजिकच शक्तीचा प्रवाह तुटक वाटतो. याशिवाय दट्ट्यांच्या हालचालीमुळे निर्माण होणाऱ्या बलांचाही प्रश्न असतो. दोन्ही दट्टे एकाच वेळी वर-खाली होत असतील तर स्फोट समान अंतराने होतात, परंतु दोन्ही दट्ट्यांचे बल एकाच दिशेने लागून इंजिन वर-खाली हादरते. एक दट्ट्या वर व दुसरा खाली अशी मांडणी केल्यास ही बले बरीचशी परस्परांना छेद देतात, परंतु इंजिन टोकाटोकाला डोलू लागते आणि स्फोटांमधील अंतर असमान होते. म्हणजे कोणतीही मांडणी स्वीकारली तरी कंप पूर्णपणे टळत नाही.

यावर उपाय म्हणून नॅनोच्या इंजिनात एक बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे तोल साधणारा फिरता दंड बसवला होता. या दंडावर मुद्दाम एका बाजूला वजन ठेवलेले असते. दंड क्रँकशाफ्टबरोबर फिरत असताना हे वजन दट्ट्यांच्या बलाविरुद्ध बल निर्माण करते व कंपाचा मोठा भाग नाहीसा होतो. असे दोन दंड वापरल्यास अधिक चांगला तोल साधता येतो. परंतु त्यामुळे खर्च, वजन व घर्षण वाढते. एकाच दंडाने काम भागवणे हे नॅनोच्या इंजिनाचे वैशिष्ट्य म्हणून कंपनीने मांडले. तरीही इंजिनाचा विशिष्ट फटफटता आवाज व थांबलेल्या गाडीत जाणवणारी थरथर कायम राहिली. परीक्षणांमध्ये यांचा उल्लेख वारंवार होत असे.

मागील बाजूस इंजिन

मागे इंजिन बसवण्याची पद्धत जगात नवी नव्हती. फोक्सवॅगन बीटल आणि १९५७ ची फियाट ५०० या दोन्ही प्रसिद्ध जनमोटारींचे इंजिन मागेच होते. फियाट ५०० मध्ये तर तेही दोन सिलिंडरचे होते. पुढे मोटारनिर्मात्यांनी पुढील इंजिन व पुढील चाकांना शक्ती ही मांडणी स्वीकारली आणि जुनी पद्धत मागे पडली. टाटा मोटर्सने ती किंमत व जागा या दोन कारणांसाठी पुन्हा वापरली.

पुढील चाकांना वळायचेही असते आणि शक्तीही घ्यायची असते, तेव्हा त्यासाठी गुंतागुंतीचे सांधे लागतात. शक्ती मागील चाकांना दिल्यास पुढील बाजू साधी व हलकी होते. पुढे इंजिन नसल्याने बॉनेट आखूड ठेवता येते, पुढील चाके टोकाजवळ नेता येतात आणि गाडीच्या लांबीचा मोठा भाग प्रवाशांना मिळतो. नॅनोची लांबी अवघी ३,०९९ मिलिमीटर होती. मारुती ८०० पेक्षा ती बाहेरून सुमारे ८ टक्के लहान आणि आतून सुमारे २१ टक्के प्रशस्त असल्याचे कंपनीने जाहीर केले होते. पुढील चाकांना वळण्यास भरपूर जागा मिळाल्याने गाडी ४ मीटर त्रिज्येत वळू शकत असे. पुढील भागावर वजन कमी असल्यामुळे पॉवर स्टिअरिंगशिवायही ती सहज वळवता येई.

या मांडणीच्या मर्यादाही होत्या. वजन मागे अधिक असल्यामुळे गाडीची स्थिरता राखण्यासाठी मागील टायर पुढील टायरपेक्षा रुंद ठेवावे लागले. पुढे १३५ मिलिमीटर, तर मागे १५५ मिलिमीटर. इंजिनाला हवा मिळावी म्हणून मागील चाकांच्या पुढे बाजूच्या पत्र्यांवर झरोके दिलेले होते. इंजिनाने मागील जागा व्यापल्यामुळे सामानाची जागा फारच कमी उरली. दुरुस्तीसाठी मागील आसन दुमडून, सामानाच्या जागेतील झाकण काढून इंजिनापर्यंत पोहोचावे लागे.

बांधणी

आकाराने नॅनो हॅचबॅक वर्गात मोडते. परंतु हॅचबॅकची ओळख असलेले, काचेसह वर उघडणारे मागील दार तिच्या मूळ नमुन्यात नव्हते. मागील काच कायमची बसवलेली होती आणि सामान ठेवण्यासाठी मागील आसनाची पाठ दुमडावी लागत असे. उघडणारे दार आणल्यास सांगाड्याला जादा मजबुती द्यावी लागते व त्यामुळे वजन आणि किंमत वाढते. हे दार प्रथम २०१५ च्या नमुन्यात देण्यात आले.

काटकसरीची इतर उदाहरणेही प्रसिद्ध आहेत. पुढील काचेला एकच वायपर होता. प्रत्येक चाक नेहमीच्या चारऐवजी तीन नटांनी बसवलेले होते. सर्वांत स्वस्त नमुन्यात चालकाच्या बाजूचा एकच आरसा होता व वातानुकूलन नव्हते. वेगमापक व इतर मोजमापे डॅशबोर्डच्या मध्यभागी होती. आरंभीच्या नमुन्यांत पेट्रोल भरण्यासाठी बॉनेट उघडावे लागे, कारण टाकीचे तोंड त्याखाली होते. टाकीची क्षमता १५ लिटर होती. जाहीर केलेल्या २३.६ किलोमीटर प्रतिलिटर या प्रमाणित आकड्याने हिशेब केल्यास भरलेल्या टाकीत सुमारे ३५० किलोमीटर अंतर होते. म्हणजे यवतमाळहून नागपूरला जाऊन परत येण्याइतके. प्रत्यक्ष रस्त्यावर हे अंतर अर्थातच कमी भरे. २०१५ मध्ये टाकीची क्षमता २४ लिटर करण्यात आली.

तांत्रिक तपशील (आरंभीचा नमुना)

इंजिन: ६२४ सीसी, दोन सिलिंडर, पेट्रोल, मागील बाजूस
कमाल शक्ती: ३५ पीएस, ५,२५० फेऱ्या प्रतिमिनिट
कमाल टॉर्क: ४८ न्यूटन-मीटर, ३,००० फेऱ्या प्रतिमिनिट
गिअरपेटी: चार गतींची, हस्तचालित
चालना: मागील चाकांना
लांबी: ३,०९९ मिलिमीटर
रुंदी: १,४९५ मिलिमीटर
उंची: १,६५२ मिलिमीटर
पुढील-मागील चाकांतील अंतर: २,२३० मिलिमीटर
वजन: सुमारे ६०० किलो
चाके: १२ इंची
आसनक्षमता: चार

उत्पादन

सिंगूर

मे २००६ मध्ये पश्चिम बंगालमधील हुगळी जिल्ह्यात सिंगूर येथे नॅनोचा कारखाना उभारण्याची घोषणा झाली. राज्यातील डाव्या आघाडीच्या सरकारने त्यासाठी ९९७ एकर जमीन संपादित केली. ही सुपीक शेतजमीन असल्याने आणि काही शेतकऱ्यांनी मोबदला नाकारल्याने संपादनाविरुद्ध आंदोलन उभे राहिले. त्याचे नेतृत्व तृणमूल काँग्रेसच्या नेत्या ममता बॅनर्जी यांनी केले. कारखान्याचे बांधकाम बरेच पुढे गेले असताना ३ ऑक्टोबर २००८ रोजी रतन टाटा यांनी प्रकल्प सिंगूरमधून हलवत असल्याचे जाहीर केले. हे आंदोलन २०११ मध्ये राज्यात झालेल्या सत्तांतराच्या प्रमुख कारणांपैकी एक मानले जाते.

३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिंगूरचे भूसंपादन रद्द ठरवून जमीन मूळ मालकांना परत करण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये लवादाने पश्चिम बंगाल औद्योगिक विकास महामंडळाने टाटा मोटर्सला ७६५.७८ कोटी रुपये व त्यावरील व्याज भरपाई म्हणून द्यावे, असा निर्णय दिला.

पंतनगर व साणंद

सिंगूर सोडल्यानंतर काही दिवसांतच, ७ ऑक्टोबर २००८ रोजी, गुजरातमध्ये अहमदाबादजवळील साणंद येथे कारखाना उभारण्याचा करार झाला. तो पूर्ण होईपर्यंत पंतनगरच्या कारखान्यात मर्यादित प्रमाणात उत्पादन करण्यात आले. साणंद कारखान्याचे उद्घाटन २ जून २०१० रोजी झाले. या स्थलांतरामुळे नॅनोविषयीचे कुतूहल शिगेला असताना पुरेशा गाड्या उपलब्ध होऊ शकल्या नाहीत. अभ्यासक व जाणकार नॅनोच्या पुढील वाटचालीवर परिणाम करणाऱ्या कारणांमध्ये या विलंबाची गणना करतात.

विक्री

नोंदणीचा काळ ९ ते २५ एप्रिल २००९ असा होता. या काळात दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड सोडतीने करण्यात आली व त्यांना सुरुवातीच्या किमतीची हमी देण्यात आली. पहिली गाडी १७ जुलै २००९ रोजी मुंबईत ग्राहकाच्या ताब्यात देण्यात आली.

एक लाख रुपये ही रक्कम कर व वाहतूक खर्च वगळून होती. त्यामुळे ग्राहकाला प्रत्यक्षात अधिक रक्कम मोजावी लागे; वातानुकूलन असलेल्या नमुन्यांची किंमत तर आणखी बरीच वर जात असे. प्रकल्प चालू असताना पोलाद व इतर कच्च्या मालाचे भाव वाढल्याने नियोजित खर्चाचे गणितही बिघडले होते. कालांतराने किमती वाढत गेल्या आणि मे २०१५ मध्ये आलेल्या नमुन्यांच्या किमती दिल्लीत सुमारे २ ते २.९ लाख रुपयांच्या दरम्यान होत्या. या किमतीत वापरलेली मोठी गाडी किंवा थोडी भर घालून मारुती अल्टोसारखी नवी गाडी घेणे ग्राहकांना शक्य होते.

नोव्हेंबर २०१० मध्ये संपूर्ण देशात केवळ ५०९ गाड्या विकल्या गेल्या. त्यानंतर कंपनीने हमीची मुदत चार वर्षे किंवा ६० हजार किलोमीटर केली, कर्जाच्या सोयी वाढवल्या आणि लहान शहरांत नॅनोसाठी छोटी विक्रीकेंद्रे उघडली. २०११–१२ या आर्थिक वर्षात सुमारे ७४,५०० गाड्या विकल्या गेल्या. हा नॅनोचा उच्चांक होता. २०१६–१७ मध्ये विक्री सुमारे ७,६०० पर्यंत उतरली. श्रीलंका व नेपाळ येथेही नॅनोची निर्यात झाली.

सुरक्षा

२०१० मध्ये काही नॅनो गाड्यांना आग लागल्याच्या घटना घडल्या व त्यांना मोठी प्रसिद्धी मिळाली. चौकशीनंतर मूळ रचनेत दोष आढळला नसल्याचे कंपनीने सांगितले. मात्र त्याच वर्षी विकलेल्या गाड्यांच्या धूरनळी व विद्युत यंत्रणेत जादा संरक्षण विनामूल्य बसवून देण्याची घोषणाही केली.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच छोट्या मोटारींच्या धडक चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतलेल्या पुढील धडकेच्या चाचणीत नॅनोला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. तिचा सांगाडा अस्थिर ठरवण्यात आला. चाचणीतील गाडीत एअरबॅग नव्हत्या. त्याच वेळी तपासलेल्या मारुती अल्टो ८००, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो व फोक्सवॅगन पोलो यांच्या एअरबॅगविरहित नमुन्यांनाही शून्य तारेच मिळाले होते. तथापि दुचाकीवरील कुटुंबाला सुरक्षित वाहन देण्यासाठी नॅनोची आखणी झाली असल्याने तिच्याबाबतीत हा निष्कर्ष विशेष चर्चिला गेला. बंद छत व चार चाके यांमुळे घसरून पडण्याचा धोका आणि पाऊस यांपासून दुचाकीच्या तुलनेत संरक्षण मिळते. मात्र वेगात होणाऱ्या धडकेत प्रवाशांचे रक्षण करण्यासाठी मजबूत सांगाडा व एअरबॅग लागतात, आणि या दोन्हींचा खर्च मूळ उद्दिष्टात बसणारा नव्हता.

आवृत्त्या

२०११ च्या अखेरीस इंजिनाची शक्ती व प्रमाणित इंधनक्षमता वाढवण्यात आली, इंधनक्षमता २५.४ किलोमीटर प्रतिलिटर झाली. २०१३ मध्ये पेट्रोल व सीएनजी या दोन्हींवर चालणारा 'ईमॅक्स' हा नमुना आला. जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या 'ट्विस्ट' या आवृत्तीत विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग देण्यात आले.

मे २०१५ मध्ये 'जेनएक्स नॅनो' सादर झाली. तिच्यात उघडणारे मागील दार, मोठी इंधनटाकी आणि काही नमुन्यांत क्लचची गरज नसलेली पाच गतींची स्वयंचलित गिअरपेटी होती. भारतातील सर्वांत स्वस्त स्वयंचलित मोटारींमध्ये तिची गणना झाली.

युरोपसाठी योजलेली 'नॅनो युरोपा' २००९ च्या जिनिव्हा प्रदर्शनात आणि विजेवर चालणारा नमुना २०१० मध्ये त्याच ठिकाणी दाखवण्यात आला. परंतु हे दोन्ही नमुने बाजारात आले नाहीत. डिझेल इंजिनाच्या नॅनोचीही दीर्घकाळ चर्चा होती, तीही प्रत्यक्षात आली नाही. २०१७ मध्ये कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्ज या कंपनीने नॅनोच्या सांगाड्यावर आधारित 'निओ' ही विजेवरील गाडी टॅक्सीसेवेसाठी सादर केली.

उत्पादनाची अखेर

२०१६ मध्ये टाटा समूहाच्या अध्यक्षपदावरून दूर करण्यात आलेल्या सायरस मिस्त्री यांनी संचालकांना लिहिलेल्या पत्रात नॅनो सातत्याने तोट्यात असल्याचे व हा तोटा एके काळी एक हजार कोटी रुपयांपर्यंत गेल्याचे म्हटले होते. जून २०१८ मध्ये साणंद येथे केवळ एक नॅनो तयार झाली. जानेवारी २०१९ पासून उत्पादन थांबले. त्याच वर्षी मोटारींसाठी एबीएस व चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाची भारत स्टेज ६ ही मानके लागू झाली. या अटींनुसार नॅनोत बदल करणे तिच्या किमतीच्या दृष्टीने परवडणारे नव्हते. साणंदचा कारखाना मात्र चालू राहिला. टियागो व टिगोर या गाड्यांचे उत्पादन तेथे होऊ लागले.

मूल्यमापन

अभियांत्रिकीच्या दृष्टीने नॅनोची दखल जगभर घेतली गेली. २०१० मध्ये तिला अमेरिकेतील एडिसन पुरस्कारांमध्ये वाहतूक विभागातील सुवर्ण पुरस्कार मिळाला. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांमध्ये काटकसरीच्या नवनिर्मितीचे उदाहरण म्हणून आणि पुढे बाजारातील अपयशाचे उदाहरण म्हणूनही तिचा अभ्यास होत आला आहे.

अपयशाची अनेक कारणे सांगितली जातात. सिंगूर प्रकरणामुळे झालेला विलंब, आगीच्या घटनांनी निर्माण झालेली साशंकता, वाढत गेलेली किंमत आणि सामानाची अपुरी जागा ही त्यांपैकी काही होत. याशिवाय 'जगातील सर्वांत स्वस्त मोटार' या ओळखीचाही गाडीला तोटा झाला, असे मत मांडले जाते. भारतात मोटार हे प्रवासाचे साधन असते, तसेच कुटुंबाच्या प्रगतीचे चिन्हही असते. दुचाकीवरून मोटारीकडे जाऊ इच्छिणाऱ्या ग्राहकाला 'स्वस्त' म्हणून ओळखली जाणारी गाडी नको होती. परवडणारी गाडी म्हणून नव्हे, तर सर्वांत स्वस्त गाडी म्हणून नॅनोची जाहिरात होणे ही चूक होती, असे रतन टाटा यांनीही पुढे मान्य केले.

नॅनोचे दोन सिलिंडरचे इंजिन मूळ अपेक्षेप्रमाणे लहान, हलके, कमी खर्चाचे व इंधनाची बचत करणारे ठरले. मागील बाजूच्या मांडणीमुळे तीन मीटरच्या गाडीत चार प्रौढ व्यक्तींना बसण्याइतकी जागा मिळाली. किमतीच्या ज्या मर्यादेतून ही रचना जन्माला आली, त्याच मर्यादेने गाडीतील सुरक्षा व सोयीही ठरवल्या. ज्या कुटुंबांसाठी ती तयार केली गेली, त्यांपैकी बहुतेकांनी दुचाकी ठेवणे किंवा अधिक पैसे देऊन मोठी गाडी घेणे पसंत केले.